तातेरावांचा एक तास

तातेराव ढवळे यांना फक्त एक तास हवा होता. एक तास, एक फळा आणि एक खडू. पुढे जे काही झालं, म्हणजे मंडप, सतरा शाली, हात धुण्याचं प्रात्यक्षिक आणि व्यासपीठाखालचं तळं, त्यातलं काहीही त्यांनी मागितलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण परतुरात आजही हा विषय निघाला की लोक त्यांच्याकडेच बघतात.

सुरुवात झाली ती शेजारच्या भावनामुळे. भावना दहावीत, वर्गात पहिली. तिचे वडील भारत मिस्त्री गवंडीकाम करतात आणि त्यांच्या दोन खोल्यांत चार भावंडांचा कल्ला असतो, म्हणून ती अभ्यासाला तातेरावांच्या ओट्यावर येऊन बसते. एका संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन तातेरावांनी सहज विचारलं, "दहावीनंतर काय करायचं ठरवलंय?"

"पोलीस भरती. न्हाईतर नर्सिंग."

"आणि इंजिनिअरिंग?"

"न्हाई काका. इंजिनिअर काय करतात तेच माहीत न्हाई. काम्पुटरपुढं बसतात अन् पुण्याला राहतात, येवढं माहीत हाय."

तातेरावांचा चहा कपातच राहिला. ज्या माणसाने सदतीस वर्षं धरणं, कालवे आणि मोऱ्यांचे नकाशे हाताळले, त्याच्याच ओट्यावर बसून ही पोर म्हणते, इंजिनिअर पुण्याला राहतात! त्यांना कुणी घरात शिरून अपमान केल्यासारखं वाटलं.

आता इथे एक खासगी गोष्ट सांगावी लागेल. गल्लीत तातेरावांना सगळे इंजिनिअर साहेब म्हणतात. नळाला पाणी कमी आलं, भिंतीला ओल धरली, कुणाला गच्चीवर खोली चढवायची असली की त्यांना बोलावणं येतं. तातेराव जातात, भिंतीवर बोटाने टकटक करतात आणि "हं" म्हणतात. त्या "हं"च्या भरवशावर गल्लीत तीन खोल्या उभ्या आहेत. पण तातेराव इंजिनिअर नव्हते. पाटबंधारे खात्यात ते अनुरेखक होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे अनुरेखकाचं काम. स्वतःची एकही रेघ काढायची नाही. खालची रेघ चुकली असेल तर ती चुकलेलीच उतरवायची.

विशीत असताना त्यांचं तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या यादीत नाव लागलं होतं. त्याच आठवड्यात ही नोकरीही लागली. घरात ठरलं की वर्षभर नोकरी कर, मग जा शिकायला. ते वर्ष अजून संपायचं आहे. नोकरी मात्र चार वर्षांपूर्वी संपली. त्यातली शेवटची बारा वर्षं तर नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले आणि तातेराव जुन्या नकाशांच्या खोलीत झुरळांची राखण करत बसले. गल्लीत पहिल्यांदा कुणी इंजिनिअर साहेब म्हणालं तेव्हा त्यांनी दुरुस्ती केली होती. दुसऱ्यांदाही केली. तिसऱ्यांदा त्यांना खोकला आला, आणि त्यानंतर ते राहूनच गेलं. खरं सांगायचं तर त्यांना ते ऐकायला फार गोड वाटायचं.

तर त्या संध्याकाळी तातेरावांनी कपाटातून एक जुना नकाशा काढला. ऑफिसातून रद्दीत चाललेला, त्यांनी मागून आणलेला, छपाईतल्या अमोनियाचा वास अजून पुरता न गेलेला. एका कालव्याचा होता. त्यांनी तो ओट्यावर पसरला आणि भावनाला दाखवलं, हे धरण, हा दरवाजा, ही वितरिका, इथून पाणी शेतात जातं. भावना गुडघ्यांवर बसून बघत राहिली. मग तिचं बोट उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर गेलं. तिथे चार रकाने होते. आरेखन, अनुरेखन, तपासणी, मंजुरी.

"यात तुमची सही कोनती, काका?"

"ही."

"येवढीशी?"

"रकानाच तेवढा असतो बाई."

"अन् ही मोठी?"

"तपासणीवाल्याची. चूक सापडली तर तो सांगतो. नाही सापडली तर सही करतो."

"तुम्हाला न्हाई सापडली का कधी चूक?"

तातेराव नकाशाची घडी करायला लागले. सापडल्या होत्या, पण सांगायचा रकाना नव्हता. हे काही ते तिला बोलले नाहीत. भावनाच म्हणाली, "काका, हे आमच्या शाळेत येऊन सांगा ना. समद्यांना सांगा. आमच्या वर्गात कुणालाच माहीत न्हाई."

एवढ्यावरून त्यांना तो एक तास हवा झाला. आणि हवा झाला म्हणजे किती, तर त्या दिवशी त्यांनी भाषणाची बारा पानं लिहून काढली आणि जेवताना बायकोला, गिरिजाबाईंना, वाचून दाखवली.

"एक तास बोलायचंय ना तुम्हाला?" गिरिजाबाई म्हणाल्या. "मंग घरीच बोला की. सदतीस वर्षं ऐकूनच राह्यले मी. अजून एका तासानं काय होतंय?"

शाळेचे मुख्याध्यापक कल्याण सर हे उत्साही गृहस्थ. उत्साही माणसाला काम सांगण्यात एक धोका असतो, तो तातेरावांना माहीत नव्हता. "कल्पना बेस्ट हाय, ढवळे साहेब!" सर म्हणाले. "पण असं एकदम वर्गात येऊन कसं बोलता येईल? अर्ज द्या. तीन प्रतींत. वरून परवानगी आणतो."

वरून परवानगी येईना, तेव्हा तातेराव स्वतः वर गेले. वर म्हणजे तालुक्याच्या एका ऑफिसात तळमजल्यावर. तिथला बाबू सज्जन होता. त्याने तातेरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दुःखी चेहऱ्याने विचारलं, "साहेब, हे कोनत्या योजनेत बसवू?"

"योजना कसली? मी नुसतं बोलणार आहे."

"बराबर हाय. तुमच्यासारख्या मानसाला म्या न्हाई कसं म्हनू? पर काम्पुटर इचारतो, योजना कोनती. ते रिकामं सोडलं तर फॉर्म पुढंच सरकंना." त्याने पडदा तातेरावांकडे वळवला. वृक्षलागवड संपली होती. रस्ता सुरक्षा जानेवारीत होती. ऑक्टोबरात एकच ओळ उघडी होती, हात धुवा दिवस.

"हात धुण्याचा आणि इंजिनिअरिंगचा काय संबंध?" तातेरावांनी विचारलं.

बाबूने थोडा विचार केला. "दोन्हीत पानी हाय ना?" तो म्हणाला.

तातेरावांनी आयुष्य पाण्याच्याच खात्यात काढलेलं होतं. अशा रीतीने अभियांत्रिकीची ओळख हात धुवा दिवसाच्या योजनेत मंजूर झाली. अट एकच, कार्यक्रमाच्या सुरुवातीला मुलांनी साबणाने हात धुवायचे आणि त्याचे फोटो त्याच दिवशी वर पाठवायचे.

ही बातमी राधेश्यामला कळली आणि तासाचं जे काही उरलं होतं तेही हातातून गेलं. राधेश्याम तातेरावांच्या समोरच राहतो आणि मंडप, खुर्च्या, साउंड भाड्याने देतो. जगातल्या कुठल्याही प्रश्नाकडे तो मंडपाच्या बाजूने बघतो. तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "साहेब, पोरं उन्हात बसतीन का? मंडप पायजेच. मंडप आला की स्टेज आलं. स्टेज आलं की खुर्च्या आल्या. आता मला सांगा, खुर्च्या काय रिकाम्या ठेवता?"

"कुणाला बसवायचं मग?"

"अध्यक्ष पायजे. पाहुने पायजे. कमिटीवाले पायजे. मान द्या, मान घ्या. खर्च्याची बिलकुल काळजी करू नका, समदं माझ्याकडून. फक्त माझा सत्कार जल्दी उरका, मला साउंडकडं बघावं लागतं."

पाहुणा म्हणून खराखुरा इंजिनिअर हवा, यावर मात्र तातेराव अडून बसले. त्यांनी धीर करून जालन्याला राजानंद साळवे साहेबांना फोन लावला. साळवे साहेब कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. पण पहिल्यांदा खात्यात आले तेव्हा अगदी कोवळे होते आणि त्यांचा पहिला नकाशा तातेरावांनीच उतरवला होता. त्यालाही आता अडतीस वर्षं झाली. "तातेराव?" साहेब फोनवर म्हणाले. "येतो की. मलाही तुम्हाला भेटायचंच होतं." का भेटायचं होतं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

इकडे मैदानावर नमुना उभा राहत होता. नुसत्या भाषणाने काय होणार, मुलांना धरण डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं तातेरावांच्या मनाने घेतलं. व्यासपीठाच्या जागेपुढेच भारत मिस्त्रींनी विटा लावून हौद बांधून दिला, पत्र्याचा दरवाजा बसवला, आणि भावना आणि तिच्या मैत्रिणींनी मातीत कालवा खणला. कालव्याच्या शेवटी मेथी पेरून शेत केलं. तातेराव जुना नकाशा हातात धरून उभे. वळण न् वळण त्या नकाशातल्यासारखं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा नकाशा कागदावरून जमिनीवर आला होता आणि त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी दुपारची झोपसुद्धा सोडली.

"काका," भावना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पानी तिकडं जाईन का? मैदान इकडं उतरतं वाटतं."

"नकाशात असंच आहे," तातेराव म्हणाले.

"पण पावसाळ्यात इथंच डबकं होतं."

"नकाशात असंच आहे, बाळा."

भावना परत माती उपसायला लागली. तातेरावांनी खरं तर तेव्हाच खाली वाकून बघायला हवं होतं. पण खालची रेघ बरोबर की चूक हे बघायची सवय त्यांच्या हाताला लागलीच नव्हती.

मग फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्या मच्छिंद्रला तातेरावांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, "तातेराव ढवळे, निवृत्त अनुरेखक". चौकात फ्लेक्स चढला तेव्हा त्यावर चौदा चेहरे होते आणि मधोमध, तातेरावांच्या मुलाच्या लग्नातला फेट्यासकट फोटो लावून, खाली लिहिलं होतं, "इंजि. तातेराव ढवळे साहेब".

तातेराव तडक मच्छिंद्रच्या दुकानात गेले. "हे कुणी सांगितलं लिहायला?"

"साहेब, अनुरेखक म्हंजे काय ते कुणालाच कळंना," मच्छिंद्र म्हणाला. "अन् समद्यांच्या नावापुढं कायतरी हाय. मा. हाय, श्री. हाय, एक तर युवा नेते हाय. तुमचंच नाव मोकळं कसं ठेवावं? बराबर दिसतं का ते? बदलायचं तर उद्या या, बदलून देतो."

उद्या तातेराव गेले नाहीत. म्हणजे चौकात गेले, दुकानात गेले नाहीत. सकाळी दुधाला म्हणून गेले, दुपारी भाजीला म्हणून गेले, आणि संध्याकाळी आणायला काही उरलं नव्हतं तरी गेले. समोरच्या बाजूला एका कापसाच्या टेम्पोच्या आडोशाला उभे राहून त्यांनी ती दोन अक्षरं वाचली. परत वाचली. चाळीस वर्षं ज्याची आस धरली ते असं फ्लेक्सवर फुकट मिळालं होतं आणि ते खोटं होतं, आणि तरीही त्यांचं पाऊल तिथून हलत नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण नजर काही काढवली नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांना साळवे साहेबांची आठवण झाली. साहेब चौकातूनच येणार. साहेब वाचणार. तातेरावांनी पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापली, गोंद लावायची डबी खिशात टाकली आणि घरातला स्टूल उचलला.

"कुठं निघाले?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"चौकात. दुरुस्तीला."

गिरिजाबाईंनी पट्टीकडे बघितलं आणि दार उघडून धरलं. पण तातेराव स्टूल घेऊन फ्लेक्सखाली पोचतात न पोचतात तोच कॉलेजची चार पोरं गाडी थांबवून म्हणाली, "नमस्कार, इंजिनिअर साहेब! फ्लेक्स सरळ करता का? थांबा, आम्ही धरतो." त्यांनी स्टूल धरला, तातेरावांना वर चढवलं, आणि तातेरावांनी सगळ्यांदेखत फ्लेक्सचा कोपरा ओढून तो आणखी ताठ केला. पट्टी खिशातच राहिली.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला तो कापूस वेचणीच्या ऐन घाईतला. त्यामुळे बाहेरगावची निम्मी मुलं रानात होती. उरलेल्यांनी साबणाने हात धुतले. फोटो नीट आला नाही म्हणून परत धुतले. यात पाऊण तास गेला. मग फेटे बांधायचे होते. बांधणारा एक आणि डोकी अकरा. मग सत्कार सुरू झाले. अध्यक्षांचा सत्कार कल्याण सरांनी केला, सरांचा अध्यक्षांनी केला, राधेश्यामचा जल्दी झाला, हौदासाठी भारत मिस्त्रींचा झाला, हात धुण्याचे फोटो काढणाऱ्याचाही झाला. कमिटीचे जुने एक सदस्य नाव राहिलं म्हणून फाटकापाशी रुसून उभे होते. त्यांना समजावून आणलं आणि भरपाई म्हणून त्यांचा दोनदा सत्कार केला. सोळाव्या शालीला तातेरावांनी घड्याळ बघितलं. मुलींची एस.टी. पाचला होती आणि साडेचार वाजत आले होते.

साळवे साहेब शांतपणे बसले होते. आल्याबरोबर ते तातेरावांना एवढंच म्हणाले होते, "फ्लेक्स चांगला झालाय." हे ते हसून म्हणाले की कसं, हे तातेरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना फेट्याखाली घाम फुटला होता.

"आता प्रास्ताविक करतील," माईकवर कल्याण सर गरजले, "आपल्या परतूरचे भूषण, इंजिनिअर तातेराव ढवळे साहेब!"

तातेराव उठले. बारा पानं हातात होती. समोर मुलं, व्यासपीठाच्या कडेला हौदाच्या दरवाजापाशी भावना, मागे साळवे साहेब. त्यांनी पानं खिशात घातली. खिशात ती कागदाची पट्टी हाताला लागली. आणि एकाएकी त्यांना वाटलं की पुरे झालं. दुसरं काही जमो न जमो, एवढं आज सांगून टाकायचं.

"मुलांनो," ते म्हणाले, "आधी एक गोष्ट. माझ्या नावापुढं जे लिहिलंय ना, ते..."

आणि लाईट गेली.

माईक मेला. पंखे थांबले. मुलांनी एकमुखाने "ओऽऽ" केलं. तातेराव थांबले नाहीत. थांबले असते तर परत धीर झाला नसता. "ते खोटं आहे," ते उघड्या आवाजात म्हणाले. "मी इंजिनिअर नाही. अनुरेखक होतो. मला व्हायचं होतं इंजिनिअर, फार व्हायचं होतं, पण राहून गेलं. म्हणून तुम्हाला सांगायला आलो, की..." तोवर राधेश्यामने जनरेटर ओढला होता. पुढची वाक्यं त्या धडधडीत गेली. तातेरावांचे ओठ हलताना फक्त दिसत होते. ते बोलून थांबले आणि त्याच क्षणी माईक जिवंत झाला.

"इंजिनिअर साहेबांच्या या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल जोरदार टाळ्या!" कल्याण सर म्हणाले, आणि अख्ख्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलून तातेराव खाली बसले आणि लोकांनी त्यांना आणखी एक शाल दिली.

मग साळवे साहेबांच्या हस्ते नारळ फुटला आणि दरवाजा उघडला. पाणी ऐटीत बाहेर आलं. तीन-चार फूट कालव्यातून मेथीकडे गेलं, थांबलं, पसरलं, आणि मग मातीचा बांध सोडून सरळ व्यासपीठाच्या दिशेने चालायला लागलं. आधी सतरंजी भिजली. मग मान्यवरांनी पाय वर घेतले. दोनदा सत्कार झालेले सदस्य नव्या चपला हातात घेऊन खुर्चीवर उभे राहिले. कल्याण सर माईकवरून "शांतता राखा" म्हणत होते तोच बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला आणि मुली दप्तरं घेऊन पळाल्या. मुली गेल्या म्हणून मुलं गेली. मुलं गेली म्हणून मान्यवर गेले. पाच मिनिटांत मंडपात खुर्च्या, पाणी आणि तातेराव उरले. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला ते साळवे साहेब एक शब्दही बोलले नव्हते. म्हणजे त्या दिवशी अभियांत्रिकीची ओळख झालेल्या मुलांची संख्या शून्य.

तातेराव ओल्या व्यासपीठाच्या कडेला बसले. त्यांना रडू येत होतं, पण फेटा बांधून रडणं बरं दिसत नाही.

"काका," भावना समोर उभी होती, चिखलात पाय रोवून. "मी म्हनलं होतं."

"म्हणाली होतीस."

तेवढ्यात साळवे साहेबांनी फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला आणि पँट दुमडली. "पाणी इकडं का आलं?" त्यांनी भावनाला विचारलं.

"मैदानाचा उतारच इकडं हाय, सर."

"कशावरून? किती आहे?"

भावना धावत गेली आणि घरून वडिलांची नळी घेऊन आली. गवंडी जी पाण्याने भरून पातळी बघतात, ती लांब पारदर्शक नळी. एक टोक साहेबांनी धरलं, एक भावनाने. फाटकापासून व्यासपीठापर्यंत मैदान वीतभर उतरत होतं. "घे लिहून," साहेब म्हणाले. मग फाटकापासून विहिरीपर्यंत. मग विहिरीपासून भिंतीपर्यंत. ती भराभर लिहीत होती आणि मध्येच विचारत होती, "मंग सर, हे पानी भिंतीकडून काढलं तर?" साहेब म्हणत होते, "काढ की. कसं काढशील?" तातेराव बघत राहिले. त्यांच्या बारा पानांत जे सांगायचं होतं ते समोर चिखलात चाललं होतं आणि त्यांच्या वाट्याला ते दुरूनच बघणं आलं होतं, नेहमीसारखं.

भावना आकडे जुळवत बसली तेव्हा साळवे साहेब त्यांच्या शेजारी येऊन टेकले.

"तातेराव, माझ्या पहिल्या नकाशात वितरिकेचा उतार उलटा पडला होता. आठवतं?"

"आठवतं, साहेब."

"तपासणीतून सुटला. साइटवर पाणी उलटं यायला लागलं तेव्हा कळलं. मेमो मिळाला मला." साहेबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला तेव्हा दिसला होता का?"

याला आता अडतीस वर्षं झाली होती. तातेरावांना वाटलं, पुन्हा एकदा लाईट जावी. पण दिवसा उजेडी कसली लाईट जाणार.

"दिसला होता," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"माझं काम ट्रेसिंगचं होतं, साहेब."

साळवे साहेब रागावले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "एवढंच विचारायचं होतं. कितीतरी वर्षं डोक्यात होतं." पण भावनाने ऐकलं होतं. ती पेन्सिल थांबवून म्हणाली, "मंग सांगायचं ना, काका!" तिच्या बोलण्यात काही टोचणारं नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं की दिसलेली चूक माणूस सांगत का नाही.

पुढचे आठ दिवस तातेराव ओट्यावर फिरकले नाहीत. मच्छिंद्रने रिवाजाप्रमाणे फ्लेक्स घरी आणून दिला. गिरिजाबाईंनी तो पाण्याच्या टाकीवर टाकला आणि त्यावर दोन विटा ठेवल्या. नेमकी एक वीट "इंजि."वर आली. ते योगायोगाने झालं की गिरिजाबाईंनी केलं, हे तातेरावांनी विचारलं नाही.

नवव्या दिवशी भावना आली. हातात कार्डशीटची गुंडाळी. तिने ती ओट्यावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. शाळेच्या मैदानाचा नकाशा होता. फाटक, विहीर, भिंत, सगळं मापात. पाणी भिंतीच्या कडेने काढून मागच्या नाल्याला सोडलेलं. जिकडे तिकडे उताराचे बाण. रेघा जरा थरथरलेल्या होत्या, पण एकूण एक तिच्या होत्या.

"साळवे सरांना फोनवर इचारून इचारून काढला," ती म्हणाली. "ते म्हनले, आधी काकांकडून तपासून आन."

तातेरावांनी चष्मा लावला. उजव्या कोपऱ्यात तिने चौकट काढली होती. आरेखन, तपासणी, मंजुरी. त्यांनी परत बघितलं.

"अनुरेखनाचा रकाना कुठंय?"

"न्हाई ठेवला. कुनाचं बघून उतरवलंच न्हाई, तर कशाला ठेवू?"

तपासणीचा रकाना चांगला ऐसपैस होता. तातेरावांनी पेन काढलं. मग त्यांची नजर विहिरीजवळच्या एका बाणावर अडली. बाण उलटा होता. आकडे म्हणत होते पाणी भिंतीकडे जातं आणि बाण म्हणत होता विहिरीकडे. पोरीने एवढी मेहनत केली होती. सही मागायला आली होती. चाळीस वर्षं ज्या रकान्याची वाट बघितली तो समोर उघडा होता. तातेरावांनी पेनाचं टोपण लावलं.

"इथं चूक आहे," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "बाण उलटा पडलाय. हे पाणी विहिरीत जाईल."

भावनाने वाकून बघितलं. "अगं बाई! हो की!" आणि खोडरबर काढून तिथेच बसली. बाण खोडला, आकडे पुन्हा जुळवले, बाण नव्याने काढला. तातेराव शेजारी बसून राहिले. गिरिजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काका," खोडता खोडता भावनाने विचारलं, "साळवे सर म्हनले त्या इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाची यादी कवा लागते?"

"दहावीच्या निकालानंतर. फॉर्म भरावा लागतो. मी आणून देतो." मग तातेराव जरा दरडावूनच म्हणाले, "पण यादीत नाव लागलं तर त्याच वर्षी जायचं. पुढच्या वर्षी जाते म्हणायचं नाही. ऐकलंस?"

"ऐकलं." तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आता करा सही."

तातेरावांनी बाण तपासला, आकडे तपासले, परत बाण तपासला. मग सही केली. केली आणि बघत राहिले. एवढ्या मोठ्या रकान्यात, अगदी डाव्या कोपऱ्याला चिकटून, तांदळाएवढी बारीक सही पडली होती. सदतीस वर्षांची सवय, हाताने आपल्या मापानेच काम केलं होतं.

"येवढीशी?" भावना म्हणाली. "काका, कितीतर जागा राह्यली."

तातेरावांनी चष्मा काढून पुसला. जरा जास्तच वेळ पुसला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू डिप्लोमाला लागलीस की तिथला पहिला नकाशा घेऊन ये. तोवर मी मोठी करायला शिकतो."